सहा जणांचे बिऱ्हाड

बदलीचा हुकूम हाती पडला की बरोबर काय न्यावे आणि मागे काय ठेवावे, या हिशेबाला सुरुवात होते. आपणांपैकी ज्यांनी दोन-तीन राज्यांचे पाणी चाखले आहे त्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. पाटा-वरवंटा मागे राहतो, मिक्सर येतो; पुस्तकांची एक पेटी येते, दुसरी सासुरवाडीच्या माळ्यावर चढते आणि पुढे वर्षानुवर्षे तिची फक्त आठवण काढली जाते. मुलांच्या एका व्हिडिओ गेमचा सारा डाव नेमका याच हिशेबावर उभा आहे असे मी म्हटले, तर या मासिकाचे वाचक भुवया उंचावतील हे मी जाणून आहे. साहित्याला वाहिलेल्या पानांवर ही पोरकट कथा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु पत्त्यांवर आणि बुद्धिबळावर लिहिलेले आपण कौतुकाने वाचतोच की. बुद्धिबळातल्या घोड्याला कोणी चारा घालीत नाही. तरी त्याच्यापायी शहाणीसुरती माणसे रात्री जागवितात. तेवढीच सवलत मी पोकेमॉनसाठी मागतो.

हा खेळ जपानात २७ फेब्रुवारी १९९६ रोजी बाहेर पडला. निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ नावाच्या, हातात धरून खेळावयाच्या छोट्या यंत्रासाठी तो रचला होता, आणि रचणाऱ्याचे नाव सातोशी ताजिरी. ताजिरींचा जन्म १९६५ चा. टोकियोच्या कडेला माचिदा नावाचे गाव आहे, तेथे त्यांचे बालपण गेले. त्या वयात त्यांना किडे गोळा करण्याचा विलक्षण नाद होता. पुढे शहर वाढले, तळी बुजली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि किडे पकडीत हिंडण्याचा आनंद पुढच्या पोरांना मिळावयाचा नाही, ही रुखरुख त्यांना लागून राहिली. दोन गेम बॉय एका तारेने जोडता येतात हे पाहिल्यावर त्या तारेवरून एखादा किडा सरपटत पलीकडच्या यंत्रात जातो आहे, अशी कल्पना त्यांच्या मनात आली. साऱ्या खेळाचे बीज त्या एका चित्रात आहे. ‘पॉकेट मॉन्स्टर’ म्हणजे खिशातले राक्षस, त्याचा संक्षेप पोकेमॉन. राक्षस हा शब्द मात्र फसवा. त्यांतले निम्मे तर आपल्या अंगणातल्या सुरवंट, चिमणी, उंदीर यांचेच भाऊबंद आहेत. प्रथम ते १५१ होते, आज हजारांवर गेले आहेत. सरकारी परिपत्रकांचीही वाढ इतक्या वेगाने झाली नसेल.

माझी आणि या प्राण्यांची ओळख २००३ साली दूरदर्शनसंचावर झाली. ते तेव्हा हिंदी बोलत. दोन वर्षांनी मस्कतला असणाऱ्या मामांनी ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ हे यंत्र आणले. त्यात ‘फायररेड’ हा खेळ होता; मूळ १९९६ च्या खेळाची ही २००४ सालची सुधारलेली आवृत्ती. बारावीच्या वर्षी ते यंत्र आईने कपाटात कुलूपबंद केले. नंतर पदवी झाली, परीक्षा झाल्या, नोकरी लागली, लग्न झाले. गेल्या वर्षी कोल्हापूरच्या घरी ते कपाट उघडले आणि सहज दोन बॅटऱ्या घालून पाहिल्या, तो यंत्र जिवंत! या आवृत्तीची एक सभ्य रीत आहे. बंद केलेला खेळ पुन्हा उघडला की, तुम्ही मागे काय काय करीत होता याची चार चित्रे ते आधी दाखविते. इतक्या वर्षांनी परतलेल्या मालकाला त्याने एका शब्दाने विचारले नाही की इतके दिवस होता कुठे. माझे सहाही जण जागच्या जागी उभे होते.

माझी नेमणूक दिल्लीस. सौभाग्यवती कोल्हापुरात शाळेत शिकविते, आणि चिरंजीव नऊ वर्षांचा आहे तो तिच्यापाशी. अशा बिऱ्हाडांतून रविवारच्या फोनवर बापलेकांचे काय बोलणे होते ते आपणांस निराळे सांगावयास नको. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘झाला.’ ‘आईला त्रास देऊ नकोस.’ ‘नाही. आईला देऊ?’ एवढ्यावर आठवडा भागवावयाचा. दिल्लीच्या पालिका बाजारात एक जुने यंत्र आणि ‘लीफग्रीन’ हा माझ्या खेळाचा जोडखेळ मिळाला, तो मी त्याला पाठवून दिला. त्यानंतरच्या रविवारी फोन त्याने आपण होऊन उचलला. “बाबा, पहिला कोणता घेऊ?”

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. खेळाच्या आरंभी प्राध्यापक ओक नावाचे वृद्ध गृहस्थ तीन प्राण्यांतून एक निवडावयास सांगतात. बल्बसॉर तृणवर्गाचा, चारमँडर अग्निवर्गाचा, स्क्वर्टल जलवर्गाचा. अग्नी तृणाला जाळतो, तृण पाणी पिऊन टाकते, पाणी अग्नीला विझविते. यांत श्रेष्ठ कोणी नाही. परंतु वाटेवर पुढे कोण उभे आहे ते पाहिले म्हणजे फरक कळतो. पहिला मोठा सामना ब्रॉकशी, त्याचे प्राणी दगडाचे. दुसरा मिस्टीशी, तिचे पाण्यातले. बल्बसॉर घेणाऱ्याला हे दोन्ही गड जवळजवळ हसत घेता येतात. स्क्वर्टलला पहिला सोपा, दुसरा बरा. चारमँडर घेणाऱ्याने मात्र दगडावर आग पाखडावयाची आणि मग पाण्यात उतरावयाचे! नवख्याने बल्बसॉर घ्यावा, हे शास्त्र सांगते. आणि जगातले नऊ वर्षांचे कोणतेही पोर चारमँडरच घेणार, हे व्यवहार सांगतो. कारण त्याच्या शेपटीच्या टोकाला ज्योत असते आणि ३६व्या पातळीला त्याचा पंखवाला प्रचंड ड्रॅगन होतो.

आता बापाने काय सांगावे? आपल्या वेळच्या वडीलमंडळींनी ‘बल्बसॉर घे’ एवढेच सांगितले असते, आणि पोराने तो निमूटपणे घेऊन खेळ आठवड्यात सोडून दिला असता. मी निवड सांगितली नाही. निवडीची किंमत सांगितली. “चारमँडर घेतलास तर ब्रॉककडे घाईने जायचे नाही. तो १३व्या पातळीला धातूच्या नखांचा वार शिकतो, आणि धातू दगडाला फोडतो. तोवर जंगलात फिरायचे.” पलीकडे क्षणभर शांतता. मग, “म्हणजे चालेल ना?” “चालेल. उशीर होईल.” “उशीर चालेल,” तो म्हणाला. ब्रॉकचे जिओड्यूड आणि ऑनिक्स १२व्या आणि १४व्या पातळीचे असतात. चिरंजीव १५वी पातळी गाठून गेला आणि जिंकून आला. ते वर्णन ऐकताना माझा चहा निवला. सौभाग्यवतीने फोन मागून घेतला आणि, “अहो, याचे गणित कच्चे आहे, त्याचेही काही विचारीत जा,” असे सुनावले. मी विचारले. १५ उणे १२ किती, हे त्याने तत्काळ सांगितले.

नवखे लोक येथून पुढे एक ठराविक गोष्ट करतात. पहिल्या विजयाने हुरळून ते त्या एकाच प्राण्याला प्रत्येक लढाईत उतरवितात. अनुभवाचे सारे गुण त्यालाच मिळतात, तो फुगत जातो, बाकीचे पाच नुसते नावाला बरोबर हिंडतात. आपल्या कचेऱ्यांतून हे चित्र अपरिचित नाही. सारी फाईल ज्याला पाठ आहे असा एकच मनुष्य असतो. तो रजेवर गेला की त्या शाखेत नुसता चहा चालतो. खेळातही तसेच होते. एखाद्या पाणवठ्यावर असा प्रतिस्पर्धी भेटतो की चारमँडर दोन फटक्यांत मूर्च्छित पडतो, आणि मागे उभ्या असलेल्या चिमणीला लढाई म्हणजे काय तेच ठाऊक नसते. यावर उपाय सोपा आहे. दुबळ्याला रांगेत पहिला ठेवावयाचा, लढाई सुरू झाली की लगेच मागे घेऊन बलवानाला पुढे करावयाचे. हाताला घाम न लागता दुबळ्याला अनुभवाचा अर्धा वाटा मिळतो. (असा वाटा मिळवून बढतीस पात्र झालेले दोन-तीन गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत, परंतु खेळात निदान त्यांना पुढे स्वतः लढावे लागते.)

सहा जण निवडताना सहा वर्ग असावेत हे उत्तम. फायररेडमध्ये प्राण्यांचे सतरा वर्ग आहेत आणि कोणाचा वार कोणावर दुप्पट बसतो, कोणावर निम्मा, कोणावर मुळीच बसत नाही, याचे भले मोठे कोष्टक आहे. ते पाठ करू नये. पाठ करणारी मुले खेळाला परीक्षा करून टाकतात. प्रत्येक गावी एकदा हरावे आणि त्या हरण्यातून कोष्टकातली एक ओळ घेऊन यावी, ही माझी शिफारस. हरण्याची किंमत काही पैसे आणि मागल्या दवाखान्यापर्यंतची परत चाल एवढीच असते. कोणी मरत नाही. एवढी दयाळू व्यवस्था असताना पराभवाला भिण्याचे कारण काय? व्हर्मिलियन बंदरात लेफ्टनंट सर्ज नावाचा विजेवाला आहे. त्याच्यापुढे चिरंजीव तीनदा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्याने मला फोन केला नाही, हे मला सौभाग्यवतीकडून कळले. मी उत्तर सांगू शकलो असतो. त्या बंदराच्या बाहेरच एक भुयार आहे, त्यात डिग्लेट नावाचा मातीतला जीव सापडतो, आणि विजेचा मातीवर शून्य परिणाम होतो. मी ते सांगितले नाही. “गावाच्या आसपास सगळीकडे फिरलास का?” एवढेच विचारले. बुधवारी रात्री साडेनऊला फोन वाजला. बुधवार हा आमच्या फोनचा वार नव्हे. “बाबा, माती!” पलीकडून तो ओरडला, आणि मागून, “हळू, शेजारी झोपलेत,” हा आवाज आला.

परंतु या खेळाचे खरे मर्म लढाईत नाही, पकडण्यात आहे, आणि पकडण्याची विद्या उलट्या चालीची आहे. इतर सर्व खेळांत जोर लावला की काम होते. येथे जोर लावला की समोरचा मूर्च्छित पडतो आणि हातचा जातो. त्याला दुबळा करावयाचे, पण पाडावयाचे नाही. त्याची शक्ती दर्शविणारी पट्टी हिरवी असते, मग पिवळी, मग तांबडी; ती तांबडी झाली की आपला हात आवरावयाचा. त्याला झोप आणता आली तर फारच उत्तम. कॅटरपी नावाचा सुरवंट जंगलात पहिल्याच दिवशी भेटतो आणि सगळी मुले त्याला हसतात. तो ७व्या पातळीला कोश होतो, १०व्या पातळीला फुलपाखरू होते, आणि १५व्या पातळीला त्या फुलपाखराला निद्रेची पूड उधळावयास येते. नवख्याच्या झोळीत हा जीव असावाच असावा. दोनशे रुपयांचा गोळा (ते चलन येनसारखे काहीतरी आहे, मी रुपये म्हणतो) वाया जाऊ न देण्याचे काम तो मुकाट्याने करीत राहतो. मॅजिकार्प नावाचा मासा पर्वताच्या पायथ्याशी एक इसम पाचशेला विकतो. त्या माशाला उड्या मारण्यापलीकडे काही येत नाही आणि त्या उड्यांचा परिणामही काही होत नाही. घेणाऱ्याला सारे मूर्ख म्हणतात. परंतु २०वी पातळी येईपर्यंत त्याला जो सांभाळतो, त्याच्याकडे ग्यॅरॅडॉस नावाचा महासर्प असतो. मी हे चिरंजीवाला सांगण्यापूर्वीच त्याने तो मासा घेतला होता. विचारले तर म्हणाला, “बिचारा वाटला.”

आब्राची गोष्ट निराळी. हा प्राणी चोवीस तासांपैकी अठरा तास झोपतो आणि दिसताक्षणी अदृश्य होतो. त्याला पहिली आणि एकच संधी मिळते. मारीत बसलात की तो गेलाच. दिसला की विचार न करता गोळा फेकावयाचा. संयमाची सारी शिकवण येथे उलटी होते, आणि म्हणून हा खेळ मला नीतिकथांहून अधिक प्रामाणिक वाटतो. चिरंजीवाने नऊ गोळे घालविले, दहाव्याला आब्रा मिळाला. त्याने त्याचे नाव ‘पंत’ ठेवले. का, ते विचारू नये. शाळेत बाजीप्रभू आणि पंत अमात्य यांचा पाठ एकाच आठवड्यात झाला होता.

युद्धविद्येचे बाकी नियम झटपट सांगून टाकतो. प्रत्येक प्राण्याला एका वेळी चारच विद्या येतात. पाचवी शिकावयाची तर एक विसरावी लागते. स्वतःच्या वर्गाचा वार दीडपट लागतो, तेव्हा चारांतले निदान दोन तरी घरचे असावेत. गुहेत शिरताना दोर बरोबर असू द्यावा. ‘मास्टर बॉल’ नावाचा, कधीही न चुकणारा गोळा सबंध कथेत एकदाच हाती येतो, तो म्यूटूसाठी राखावा. मोठ्या लढाईपूर्वी खेळ नोंदवून ठेवावा. परंतु प्रत्येक चकमकीपूर्वी नोंदवून, हरले की यंत्र बंद करून पुन्हा मागे जाण्याची सवय लावून घेऊ नये. तसे करणाऱ्याला काहीच घडत नाही. सहाहून जास्त प्राणी झाले की ते संगणकाच्या खोक्यांत जमा होतात. चौदा खोकी, प्रत्येकात तीस जागा. त्यांत गेलेल्यांना भूक नाही, वय नाही, आणि बहुतेकांना पुन्हा बोलावणेही नाही. या खोक्यांविषयी मी अधिक लिहिणार नाही.

आता ताजिरींच्या त्या तारेकडे येतो. फायररेडमध्ये जे प्राणी आहेत ते सर्व लीफग्रीनमध्ये नाहीत, आणि उलटही तसेच. ग्रोलिथ नावाचा वाघाच्या पट्ट्यांचा कुत्रा फक्त माझ्या खेळात सापडतो. व्हल्पिक्स ही सहा शेपट्यांची कोल्ही फक्त त्याच्या खेळात. एकट्याने कितीही धडपड केली तरी यादी पुरी होत नाही. कोणीतरी दुसरा लागतोच, आणि तो तारेच्या लांबीइतका जवळ बसलेला लागतो. शिवाय काही प्राणी असे आहेत की नुसत्या अनुभवाने त्यांची अखेरची वाढ होत नाही. आब्राचा १६व्या पातळीला कडाब्रा होतो आणि तेथे तो थांबतो. शंभरावी पातळी गाठली तरी कडाब्राच. त्याची बदली झाली, एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात तो गेला, तर त्याच क्षणी त्याचा अलाकझाम होतो. बदलून आलेल्या प्राण्याला लढाईत दीडपट अनुभव मिळतो, प्रतिनियुक्तीच्या भत्त्यासारखा. मात्र नव्या मालकापाशी पुरेशी पदके नसतील, तर ठराविक पातळीवरचा असा प्राणी हुकूम मानीत नाही. जांभया देतो, आळसावतो, वाटेल ते करतो. आणि कोठेही गेला तरी त्याच्या नोंदवहीत मूळ मालकाचे नाव राहते. ते पुसता येत नाही. हे नियम ज्याने केले तो कधी सरकारी नोकरीत नव्हता, यावर माझा विश्वास बसत नाही.

गणपतीत मी चार दिवस घरी गेलो. बरोबर तार होती. चिरंजीवासाठी मी मुद्दाम नवा ग्रोलिथ पकडून २४व्या पातळीपर्यंत वाढविला होता, कारण त्याच्यापाशी तीन पदके आहेत आणि तेवढ्यांवर ३०व्या पातळीपर्यंतचेच परके प्राणी ऐकतात. आरती झाल्यावर आम्ही दोघे माजघरात पाटावर बसलो, मध्ये ती हातभर तार. पंत आता कडाब्रा झाला होता. अदलाबदल एकास एक होते. ‘होय’ म्हणण्यापूर्वी चिरंजीवाचा अंगठा बटणावर थबकला.

“तो तुमच्याकडे जाणार?”

“जाऊन मोठा होईल. मग लगेच परत देतो, दुसरा एखादा पाठव म्हणजे झाले.”

“नाव तेच राहील?”

“पंतच राहील. मालक म्हणून तुझेच नाव राहील.”

त्याने बटण दाबले. दोन्ही पडद्यांवर गोळे वर गेले, खाली आले. त्याच्याकडे ग्रोलिथ भुंकला, तिकडे त्याचे लक्षही गेले नाही; माझ्या खांद्यावरून तो माझा पडदा पाहत होता. कडाब्रा पांढरा झाला, लुकलुकला, आणि दोन्ही हातांत चमचे घेतलेला अलाकझाम उभा राहिला. सौभाग्यवती प्रसादाची वाटी घेऊन आली होती, तीही क्षणभर पाहत राहिली.

“चल, आता कॅटरपी-बिटरपी काहीतरी निवड,” मी म्हणालो. “याला परत पाठवितो.”

चिरंजीव बराच वेळ बोलला नाही. यंत्राच्या कडेवरून बोट फिरवीत राहिला. मग म्हणाला, “बाबा, तुमच्याकडे आठ पदके आहेत ना? म्हणजे तो तुमचे ऐकेल.”

“ऐकेल.”

“मग राहू दे तिकडे. दिवाळीला द्या.”

मी त्याच्या आईकडे पाहिले. ती वाटी खाली ठेवून आत गेली.

दिल्लीला आल्यापासून मी पंताला एकाही लढाईत उतरविलेले नाही. तो माझ्या सहांत आहे, खोक्यात नाही. दर रविवारी त्याची पातळी मला फोनवर सांगावी लागते आणि ती बदललेली नाही याची तिकडून खात्री करून घेतली जाते. दिवाळीला शाखेतले तिघे आधीच रजा मागून बसले आहेत, आणि आमचे अधिकारी दोघांहून अधिकांना सोडीत नाहीत. माझा अर्ज सोमवारी त्यांच्या टेबलावर गेला आहे.